सालईपोडची हिरवी पट्टी

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक शेत मनात आणा. कापसाचं नाही, तुरीचंही नाही. काचेचं शेत. नजर पोचेल तिथवर निळ्याकाळ्या काचांच्या ओळी, सगळ्या सूर्याकडे तोंड करून बसलेल्या. मध्ये झाड नाही, झुडूप नाही. वर उन्हानं पांढरं पडलेलं आकाश. लोखंडी खांबाला चुकून हात लागला तर फोड यावा असं ऊन. काळही फार लांबचा धरू नका. आज तुम्ही शाळेत जाता ना, तशी तुमची मुलं शाळेत जाऊ लागतील, एवढाच पुढचा.

त्या काचा उन्हाची वीज करत आणि ती वीज दूरच्या शहरांना जाई. पण काचेवर धूळ बसली की वीज कमी होते. पुसणारी यंत्रं आणून पाहिली, ती काळ्या मातीच्या भेगांत अडकून बसली. मग माणसं लागली. ती आली यवतमाळ जिल्ह्यातल्या सालईपोडमधून. कोलाम लोक आपल्या वस्तीला पोड म्हणतात. पूर्वी इथली माणसं आसपासच्या शेतांत मजुरी करत. शेतांच्या काचा झाल्या, तशी मजुरीही काचांची झाली. पुरुष खांबांच्या आणि तारांच्या कामावर, बायका काचा पुसण्यावर.

रुख्मा टेकाम ही या पोडातली मुलगी. आश्रमशाळेत सातवी संपवून सुट्टीत घरी आली होती. वडील ती लहान असतानाच गेले. घरात ती आणि तिची आई पोचूबाई, दोघीच. शेजारच्या घरात तिचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, चिन्नू टेकाम राहत. ते पोडाचे नाईक, म्हणजे प्रमुख.

त्या उन्हाळ्यात विद्यापीठातले वैरागडे सर पोडात आले आणि चावडीवर बसले. चावडी म्हणजे पोडाच्या मधोमध असलेला, वर छप्पर घातलेला उंच ओटा. तिथे पुरुष बसतात, भांडणं मिटवतात, पोडाचे निर्णय करतात. बायका तिथे बसत नाहीत. लहान मुली खेळताखेळता चढतात, पण मोठ्या होऊ लागल्या की त्यांनाही खालूनच जायला सांगतात. रुख्माला आईनं त्याच वर्षी तसं सांगितलं होतं.

"या साहेब," नाईक म्हणाले. "तुमच्याआधी लय जण येऊन गेले. एकानं आमची डोकी मोजली. एकानं रक्त नेलं. एकीनं म्हाताऱ्याइची गाणी नेली. वापस कोणी काही घेऊन आलं नाही बाप्पा. तुमी काय नेता?"

सर हसले नाहीत. "न्यायचं झालं तर विचारून नेईन. काय शोधायचं ते आपण मिळून ठरवू. जे सापडेल ते आधी या पोडात सांगेन, मग बाहेर. आणि तुम्ही थांबा म्हणालात की थांबेन."

"अन् आमचं माणूस?"

"ते तर हवंच. पोडाचा संशोधक पोडानंच निवडायचा."

नाईकांनी खाली खेळणाऱ्या पोरांकडे पाहिलं. "मंग आमची रुख्मा घ्या. पोट्टी फाडफाड वाचते."

सरांनी मग खिशातून एक पट्टी काढली. बोटाएवढी, पातळ, जखमेला लावतात तशी. ती दंडावर चिकटवायची. हिरवी असली तर माणूस ठीक, पिवळी झाली तर सावलीत बसायचं, लाल झाली तर जीव धोक्यात.

ती हे कसं ओळखत असे? आपलं शरीर तापलं की घाम येतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन उडतो, म्हणून आपण थंड राहतो. पट्टीच्या पोटात असलेला संगणकाचा एक कण हा घाम किती वाहतो, त्यात मीठ किती, कातडी किती तापली, नाडी किती पळते, हे सारखं तपासत राही. शरीराच्या आत काय चाललंय ते कण पाहू शकत नव्हता. तो अंदाज करी. आणि अंदाज करायला माणसांकडून शिके, तुम्ही पाढे शिकता तसा. पण त्यासाठी त्याला एक गोष्ट बाहेरून सांगावी लागे. माणसानं दिवसभरात पाणी किती प्यायलं?

"बाया पाणी पितात पुरेसं?" सरांनी विचारलं.

"पितात ना," चावडीवरून दोघंतिघं एकदम बोलले. "एकेक घागर नेतात अन् रिकामी आणतात."

मग ठरलं की रुख्मानं रोज काचेच्या शेताच्या फाटकापाशी, सावलीत बसायचं. सकाळी पट्ट्या लावायच्या, संध्याकाळी काढायच्या, आणि परतणाऱ्या घागरी पाहून कोणी किती पाणी प्यायलं ते पट्टीला सांगायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. ठरलं ते मिळूनच ठरलं, यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या मिळण्यात बायका नव्हत्या. त्या खाली विहिरीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या आणि एकमेकींकडे पाहत होत्या. चावडीवरच्या कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

रुख्माला काम आवडलं. सकाळी बायका रांगेनं दंड पुढे करत आणि ती नर्ससारखी गंभीर चेहरा करून पट्टी दाबून बसवी.

"डाक्टरीनबाई, मले सुई नको टोचू वं," म्हातारी लेतूबाई रोज तेच म्हणे आणि रोज सगळ्या हसत.

पहिल्याच आठवड्यात मारोती नावाच्या खांबवाल्या गड्याची पट्टी लाल झाली. तो म्हणत होता, "मले काई झालं नाही." चौघांनी धरून त्याला सावलीत निजवलं, अंगावर पाणी ओतलं. दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आणलंत. त्या दिवसापासून सगळ्या पोडाचा पट्टीवर विश्वास बसला, आणि काचांच्या मालक कंपनीचाही.

आणि इथेच गोष्ट वळली. पट्टी आली होती माणसाला थांबवायला. मुकादम ठवकरला तिचा दुसराच उपयोग सापडला. आधी एखादी बाई डोकं धरून बसली, तर तो चिडे, पण बसू देई. आता तो तिचा दंड पाहू लागला.

"हिरवी हाय ना? मंग बसली काऊन? उठ."

बाईनं सांगितलेलं तिच्या अंगाचं दुखणं त्याला आता ऐकू येईना. सरांना कळलं तेव्हा ते ठवकरशी भांडले. ठवकर शांतपणे म्हणाला, "सर, पट्टी तुमचीच हाय ना? मंग खोटी हाय का?" खोटी म्हणावी, तर मारोती तिच्यामुळेच जिवंत होता.

एका संध्याकाळी पोचूबाई चुलीपुढे बसली होती. तिनं भाकरी थापायला घेतली आणि हात तसाच ठेवला.

"रुख्मे, डोकं फुटून राह्यलं वं. पोटऱ्याइत गोळे येऊन राह्यले."

रुख्मानं तिचा दंड उजेडाकडे वळवला. पट्टी अजून काढायची होती. "माय, हिरवी हाय. तुले काई झालं नाही."

आई तिच्याकडे पाहत राहिली. मग तिनं भाकरी थापली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाच्या आत आरडाओरड झाली. दोघी बायकांनी पोचूबाईला उचलून आणलं. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं, आणि कातडी कोरडी ठणठणीत, घामाचा थेंब नाही. ती बडबडत होती, कोलामीत, तिच्या मेलेल्या आईशी. रुख्मानं पहिल्यांदा पाहिला तो आईचा दंड. पट्टी हिरवी होती. कोवळ्या पानासारखी हिरवी.

पोचूबाई वाचली. डॉक्टर म्हणाल्या, मूत्रपिंडांना मार बसलाय, आता उन्हात काम नाही. रुख्मा दवाखान्यात खाटेपाशी बसून राहिली. सलाईनचे थेंब पडत होते. आई शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, "माय, पट्टी खोटी काऊन बोलली?"

"पट्टी नाही, आमी बोललो," पोचूबाई म्हणाली. आवाज पार बसला होता. "आमी पाणी पीत नाही वं. दिवसभर नाही. पिलं तं जावं लागते. कुठं जावं? घागर वापस येताना, फाटकापाशी यायच्या आधी, कुंपनाच्या कोपऱ्यातल्या पळसाच्या बुडाशी ओतून देतो."

रुख्माला एकदम सगळं दिसलं. तिनं रोज संध्याकाळी पट्टीला सांगितलं होतं, हिनं घागरभर पाणी प्यायलं. पट्टी तसंच शिकत गेली. एवढं पाणी पिऊनही घाम थोडा, म्हणजे ही बाई थंड आहे, निवांत आहे. तापलेली कातडी तिला नुसत्या उन्हाची वाटली, पळणारी नाडी कामाची धाप वाटली. तहानलेलं शरीर उरलेलं पाणी राखून ठेवायला घाम बंद करतं आणि आतल्या आत तापत जातं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

"मी सरांना सांगते," रुख्मा उठली.

आईनं तिचा हात धरला. त्या हातात जोर नव्हता, पण रुख्मा थांबली. "हे चावडीवर जायचं नाही. मानसाइच्या तोंडी जायचं नाही. बायाइची गोष्ट हाय ही. माया गळ्याची आण."

दोन दिवसांनी सर आले. दवाखान्याच्या ओसरीवर रुख्माजवळ बसले. ते नीट झोपलेले दिसत नव्हते.

"पट्टी मी बनवली, रुख्मा. ती चुकली, आणि का चुकली ते मला सापडत नाही. परवा कंपनीचे साहेब चावडीवर येणार आहेत. पुढच्या हंगामापासून त्यांना ही पट्टी सगळीकडच्या काचांच्या शेतांवर सक्तीची करायची आहे. कारण दाखवलं नाही तर ते म्हणतील, एखादी पट्टी बिघडली असेल, बदला. मग किती जणींचं तुझ्या आईसारखं होईल सांगता येत नाही. तुला काही माहीत आहे का?"

रुख्मानं खाली पाहिलं. सांगितलं तर आईशी बेईमानी. नाही सांगितलं तर कुठल्यातरी दुसऱ्या गावातली, तिनं कधी न पाहिलेली एखादी मुलगी आपल्या आईला म्हणेल, हिरवी हाय, तुले काई झालं नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण ते माझं नाही."

सरांना कारण हवं होतं, फार हवं होतं. मुलगी लहान होती, थोडं गोड बोलून ते तिच्याकडून काढता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही.

"मग कोणाचं आहे?"

"बायांचं."

"त्यांना मी कुठं भेटू?"

"तुम्ही नाही," रुख्मा म्हणाली. "निगारताईला पाठवा."

निगार शेख ही सरांची विद्यार्थिनी. ती आजवर गाडीत बसून आकड्यांचं काम करायची. दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी होती. मोहाच्या झाडाखाली बायका तेंदूची पानं जुळवून पुडके बांधत होत्या. पोचूबाईलाही सकाळीच घरी सोडलं होतं. ती झाडाला टेकून बसली होती. रुख्मा निगारला घेऊन तिथे गेली.

"ही कोन वं?" लेतूबाईनं विचारलं. "लिहून घेनारी हाय का ऐकनारी?"

निगारनं खांद्यावरची पिशवी काढून लांब दगडावर ठेवली. "आज फक्त ऐकणारी, मावशी. पानं बांधायला शिकवलंत तर बांधणारी."

"बांध मंग. अशी नाही वं! देठं एका बाजूले! कॉलेजात एवढंबी शिकवत नाही काय?"

बायका हसल्या. निगारही हसली आणि पुन्हा बांधू लागली. तिनं प्रश्न विचारला नाही. बऱ्याच वेळानं, पानांकडेच पाहत, ती म्हणाली, "माझी अम्मी बाजारात फळं विकायची. सकाळी जायची, दिवे लागल्यावर यायची. दिवसभरात पाण्याचा घोट नाही. मला वाटायचं, तिला तहानच लागत नाही. का ते मला मोठी झाल्यावर कळलं."

हात थांबले. लेतूबाईनं पोचूबाईकडे पाहिलं. पोचूबाईनं डोळे मिटले आणि हळूच मान हलवली.

"पयले कापसाच्या पऱ्हाटीत होतो," लेतूबाई बोलू लागली, "तं तुरीच्या ओळीत कुठंबी बसता येत होतं. आता खाली आरसा अन् वरतं ते पाखरू."

पाखरू म्हणजे काचांवरची धूळ आणि भेगा शोधत दिवसभर घिरट्या घालणारं कॅमेऱ्याचं उडतं यंत्र.

"त्या पाखराले जे दिसते ते ठवकराले दिसते," दुसरी म्हणाली. "एक दिवस हसत म्हने, कोन कुठं गेली होती सगळं पाह्यलं मी. तवापासून पाणी बंद."

"आणि घागर?" निगारनं विचारलं.

"भरलेली वापस आनली तं घरचे विचारतीन ना, काऊन पिली नाही. काय सांगावं?"

"त्या पळसाचं मात्र बरं झालं माय. मस्त हिरवा झाला," एक तरुण बाई म्हणाली. हसायला सुरुवात झाली, पण ते हसू पुढे गेलं नाही.

मग बोलणं बराच वेळ चाललं. कुणी म्हणे सांगायचंच नाही, अब्रू जाईल. कुणी म्हणे पोचूबाई जाता जाता राहिली, अजून काय जायचं उरलं? लेतूबाई म्हणाली की दार असलेला आडोसा पाहिजे, पाखरू तिकडे फिरकायला नको, आणि बाई बसते म्हणाली की तिला बसू द्यायचं, पट्टी काहीही म्हणो. शेवटी ठरलं. सांगायचं. नाव कोणाचं घ्यायचं नाही.

"मी सांगू का?" निगारनं विचारलं.

"तू चांगली हायेस," लेतूबाई म्हणाली, "पन तू उद्या जाशीन. अन् मानसाइनं सांगावं असं बी हे नाही."

"मंग कोनं?" एकीनं विचारलं.

एकेक करून सगळ्यांचे डोळे रुख्माकडे वळले. पोडाची संशोधक तीच होती.

"लेकरावर टाकू नका वं," पोचूबाई कळवळून म्हणाली.

"माय, मी चुकीचं सांगितलं पट्टीले," रुख्मा म्हणाली. "आता बरोबर सांगायचं हाय. तू आण घातली ती काढ."

पोचूबाईनं तिचं डोकं जवळ ओढून घेतलं. "काढली," ती म्हणाली. "मी बी येते. बोलनार नाही, पन येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचे साहेब आले. चावडीवर त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. पोडातले पुरुष सतरंजीवर बसले, ठवकर खांबाला टेकून उभा राहिला. बायका नेहमीसारख्या खाली, विहिरीपाशी जमल्या. पोचूबाई लेतूबाईच्या खांद्याला धरून उभी होती.

साहेब घड्याळ पाहत म्हणाले, "वैरागडे सर, पट्टी उत्तम आहे. किरकोळ दोष असेल तर सांगा, पुढे जाऊ."

सर उभे राहिले. "दोष किरकोळ नाही. तो काय आहे ते मला सापडलं नाही, पोडाला सापडलं आहे. आपला करार होता, जे सापडेल ते आधी पोडात सांगायचं. तर आज मीही ऐकायलाच बसतो." आणि ते खाली बसले.

"कोण सांगणार?"

"पोडाची संशोधक. रुख्मा टेकाम."

"ही मुलगी?" साहेबांना हसू आलं.

नाईकांना ते हसू आवडलं नाही. त्यांनी ताठ होऊन हाक मारली. "रुख्मे, ये. वर ये पोरी. इथं उभी राहून बोल."

चावडीवर गलका झाला आणि लगेच शांत झाला. एवढी मोठी मुलगी वर चढते आहे आणि खुद्द नाईक बोलावताहेत, हा मान पोडात कोणत्याच बाईला किंवा मुलीला मिळाला नव्हता. रुख्मा पायरीपाशी आली. एक पाय वर ठेवला आणि मागे वळून पाहिलं. विहिरीपाशी बायका उभ्या होत्या, सर पहिल्यांदा आले त्या दिवशी उभ्या होत्या तशाच. इथून बोललं तर त्यांना अर्धंच ऐकू जाणार होतं. आणि त्यांच्यातली एखादी काही बोलली, तर वर कोणाला ऐकू येणार नव्हतं.

ती वर चढली. खुर्चीसमोर उभी राहिली नाही. सतरंजीच्या टोकाशी वाकून म्हणाली, "मोठे बाबा, जरा उठता का?"

नाईक गोंधळून उठले. ते उठले म्हणून बाकीचेही उठले. रुख्मानं सतरंजी गुंडाळली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि सगळ्यांच्या मधून पायऱ्या उतरून खाली आली. विहिरीपाशी, बायकांच्या पुढे, तिनं ती जमिनीवर अंथरली. कोपरे ओढून सरळ केले. आईचा हात धरून तिला आधी बसवलं, मग लेतूबाईला. स्वतः त्यांच्या शेजारी एका कडेला बसली. उरलेली सतरंजी मोकळी ठेवली, आणि चावडीकडे तोंड करून, वरच्या माणसांची वाट पाहू लागली.